साने गुरुजींचे अश्रू : नकोशा भावनांचे काय करायचे?



मंडळाच्या मुलांना ‘श्यामची आई’ हा जुना चित्रपट दाखवावा का, यावर मध्यंतरी आमच्यात बराच वाद झाला. निम्म्या मंडळींचे म्हणणे होते की अवश्य दाखवा, आम्ही तोच पाहून मोठे झालो. उरलेल्यांना ते पटेना. मुलांना आधीच अभ्यासाचा ताण, त्यात शाळेत वेगळी भाषा, घरी वेगळी. वर आणखी दोन तास रडवायचे कशाला? एका आईने तर रोखठोकच सांगितले, की आमच्या घरात रडायला कुणाला सवड नाही, सकाळची पाळी चुकली तर पगार कापला जातो.

सगळे हसले आणि विषय तिथेच राहिला. पण प्रश्न काही सुटला नव्हता. खडोली आणि सिल्वासाच्या परिसरात आपल्यातले बहुतेक जण कामासाठी आले. कुणी खानदेशातून, कुणी कोकणातून, कुणी नाशिक-पालघरच्या बाजूने. आईवडील गावी राहिले. फोनवर दोन्हीकडून सगळे ठीक आहे असेच सांगितले जाते. गावाकडे कुणी गेले तरी रजा मोजून मिळते आणि तेरावा आटोपला की माणूस पुन्हा यंत्रापुढे उभा राहतो. दुःख, लाज, राग, भीती, निराशा या भावना आपण गिळायला शिकलो आहोत. मुलांनाही तेच शिकवतो : रडू नकोस, चिडू नकोस, घाबरू नकोस.

या नकोशा भावनांचा माणसाला खरोखर काही उपयोग असतो का? की दाढ दुखावी तशा त्या नुसत्याच सोसायच्या असतात? याचे उत्तर शोधताना आम्हाला वाटले, की ज्यांच्यावरून वाद सुरू झाला त्यांच्याच आयुष्याकडे एकदा नीट पाहावे. कारण पांडुरंग सदाशिव साने या माणसाइतके उघडपणे रडलेले मोठे माणूस मराठीत दुसरे क्वचितच असेल.

पालगडचा श्याम

गुरुजींचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या, दापोलीजवळच्या पालगड या गावी झाला. घराणे खोतांचे. एकेकाळी सुस्थिती होती, पण वडील सदाशिवराव यांच्या काळात कर्ज आणि कोर्टकचेऱ्यांनी घर पार धुऊन निघाले. आई यशोदाबाई. जुन्या वैभवाच्या आठवणी आणि समोरची रिकामी डबडी या दोहोंच्या मध्ये या बाईने मुलांना वाढवले.

‘श्यामची आई’मधल्या गोष्टी बहुतेकांना ठाऊक आहेत. पण त्या मनाशी ओळीने मांडून पाहा. जवळजवळ प्रत्येक गोष्टीच्या पोटात एक नकोशी भावना आहे. श्याम पाण्याला घाबरतो आणि पोहायला जायचे म्हटले की लपून बसतो. श्याम पैसे चोरतो आणि मग लाजेने त्याला आईच्या डोळ्यांत पाहवत नाही. सावकाराचा माणूस वसुलीला दारात येऊन वाटेल ते बोलतो आणि आई अपमानाने जळते. पुस्तकातल्या एका प्रकरणाचे नावच ‘थोर अश्रू’ असे आहे.

या गोष्टींत आई मुलाची भावना पुसून टाकायला धावत नाही. श्याम घाबरला तर भीती वाटण्यासारखे काही नाहीच असे ती सांगत बसत नाही, ती त्याला पाण्याकडे पाठवते. श्यामला लाज वाटली तर जाऊ दे म्हणून ती विषय बदलत नाही. ती लाज पुरती वाटू देते आणि मग त्याला जवळ घेते. आपण काय केले हे मुलाला आतून कळावे एवढा वेळ ती त्या भावनेला देते. आज आपल्याला हा क्रम कठोर वाटेल, मारणे तर नकोच वाटेल. पण त्या क्रमातली एक गोष्ट खरी आहे. लाज वाटली नाही तर चूक झाल्याचे कळत नाही, आणि नंतर जवळ घेतले नाही तर ती लाज मुलाला खाऊन टाकते. दोन्ही हवे.

१९१७ साली आई गेली. श्याम तेव्हा शिक्षणासाठी दूर होता. घरची गरिबी अशी की शिकायला कधी नातेवाइकांकडे, कधी संस्थानात, कधी पुण्याला जावे लागे. शेवटच्या वेळी तो आईजवळ पोहोचू शकला नाही. वय जेमतेम १७ वर्षांचे.

घरापासून लांब राहणाऱ्या आपल्यातल्या अनेकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. रात्रीची गाडी, पहाटेचा फोन, आणि पोहोचेपर्यंत सगळे उरकलेले. गुरुजींच्या मनात ती न झालेली भेट आयुष्यभर राहिली.

पण एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. या दुःखाचा त्या वेळी काहीच उपयोग झाला नाही. ते पुस्तक लिहिले जायला अजून १५ वर्षांहून अधिक काळ जायचा होता. शोकाचे काहीतरी चांगले करून दाखव, असे कुणी त्या मुलाला त्या वर्षी म्हटले असते तर तो क्रूरपणाच ठरला असता. दुःखाचा उपयोग होतो असे म्हणताना आपण हे नेहमी विसरतो. ज्याचे माणूस नुकतेच गेले आहे त्याला दुःखाचे फायदे सांगायला जाऊ नये. त्याच्या घरी डबा घेऊन जावे.

अमळनेरचे वसतिगृह

पुण्याला पदवी घेऊन, अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात काही काळ अभ्यास करून १९२४ मध्ये साने अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले. आपल्या खानदेशी सभासदांना ही शाळा प्रताप हायस्कूल म्हणून माहीत आहे. स्वभावाने संकोची असे हे नवे मास्तर चारचौघांत मोकळे होत नसत. पुढे त्यांच्याकडे वसतिगृहाचे काम आले आणि माणूस बदलला.

वसतिगृहात राहणारी मुले म्हणजे आईपासून लांब असलेली मुले. मास्तर पहाटे उठून त्यांना उठवत. त्यांच्या खोल्या झाडून काढत, विस्कटलेले कपडे घडी करून ठेवत, कुणाला ताप आला तर रात्रभर उशाशी बसत. मुलांसाठी रोज हाताने लिहून एक दैनिक काढत. रागावून शिस्त लावण्यापेक्षा मुलाने टाकून दिलेले काम स्वतः करायचे आणि त्याला ते पाहू द्यायचे, ही त्यांची रीत होती. मुले ओशाळत आणि दुसऱ्या दिवशी आपणहून झाडू घेत. साने सर याच काळात गुरुजी झाले.

१९१७ च्या त्या दुःखाने इथे पहिल्यांदा काम केले, असे आम्हाला वाटते. आईशिवाय राहणे म्हणजे काय हे ज्याला ठाऊक होते त्याला ५० मुलांतले एक मूल आज गप्प आहे हे दिसत होते. दुःखाने माणूस आपोआप चांगला होत नाही. पुष्कळ माणसे दुःखाने कडवट होतात. पण दुःख माणसाला एक नजर देते. ती नजर स्वतःवरच लावून बसायचे की दुसऱ्याकडे वळवायची, हे मात्र ज्याचे त्याला ठरवावे लागते. गुरुजींना ती वळवायला समोर मुले मिळाली, हे त्यांचे भाग्य आणि मुलांचेही.

तुरुंगातला विषाद

१९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह सुरू झाला. गुरुजींनी नोकरी सोडली आणि ते चळवळीत पडले. धुळ्याच्या तुरुंगात गेले, तिथून त्यांना तमिळनाडूतल्या तिरुचिरापल्लीच्या तुरुंगात पाठवण्यात आले. दक्षिणेतले वेगवेगळ्या भाषांचे सत्याग्रही तिथे होते. आपण देशासाठी तुरुंगात आलो, पण शेजारच्या देशबांधवाशी दोन शब्द बोलायला त्याची भाषा येत नाही, याची गुरुजींना खंत वाटली. त्यांनी तिथे तमिळ शिकायला घेतली आणि पुढे ‘कुरल’ हा प्राचीन तमिळ ग्रंथ मराठीत आणला. प्रांताप्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात ही त्यांची ‘आंतरभारती’ची कल्पना या खंतीतून उगवली. इथे मराठी, गुजराती, हिंदी आणि वारली, कोकणा, धोडिया बोली एकाच रस्त्यावर कानी पडतात. आपण तिघांच्या भाषेतून बाजार करतो. शेजाऱ्याची भाषा येत नाही म्हणून ओशाळणे हे किती कामाचे आहे, ते आपल्याला वेगळे सांगायला नको.

१९३२ मध्ये ते पुन्हा धुळ्याच्या तुरुंगात होते. विनोबा भावेही तिथेच होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात, १८ रविवारी, विनोबांनी कैद्यांपुढे गीतेच्या १८ अध्यायांवर प्रवचने केली. ती भराभर उतरवून घेतली गुरुजींनी. आज भारतातल्या अनेक भाषांत वाचले जाणारे ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक आपल्या हाती आहे ते त्यांच्या लेखणीमुळे.

गीतेच्या पहिल्या अध्यायाचे नाव अर्जुनविषादयोग. आपण ते नाव पाठ म्हणतो, पण त्यातला चमत्कार लक्षात घेत नाही. विषादाला, म्हणजे हातपाय गळण्याला, तोंड कोरडे पडण्याला, धनुष्य टाकून खाली बसण्याला, गीतेने योग म्हटले आहे. अर्जुन खचला नसता तर पुढची १७ अध्यायांची शिकवण झालीच नसती. त्याचे खचणे ही चूक नव्हती, ती सुरुवात होती.

मात्र हा विषाद योग झाला तो एका कारणाने. अर्जुन एकटा नव्हता. रथावर समोरच कृष्ण बसलेला होता, आणि अर्जुनाने आपली अवस्था त्याला सांगितली. हात थरथरतात, काही सुचत नाही, हे त्याने लपवले नाही. रणांगणावरचा सर्वांत मोठा धनुर्धर आपल्या सारथ्यापुढे हे कबूल करतो. कृष्णाने आधी त्याचे सगळे ऐकून घेतले, मग तो बोलला. सांगणारा आणि ऐकणारा असे दोघे असले म्हणजे विषादाचा योग होतो. हे सूत्र मनात ठेवून पुढे जाऊ, कारण गुरुजींच्या आयुष्याच्या शेवटी ते पुन्हा लागणार आहे.

नाशिकचे पाच दिवस

१९३३ च्या फेब्रुवारीत गुरुजी नाशिकच्या तुरुंगात होते. ९ फेब्रुवारीला त्यांनी लिहायला घेतले आणि १३ फेब्रुवारीच्या पहाटे ते थांबले. दिवसा तुरुंगाचे काम, रात्री आणि पहाटे लेखन. एवढ्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’चा बहुतांश भाग कागदावर उतरला. १९३५ मध्ये पुस्तक प्रसिद्ध झाले.

पाच दिवस म्हणताना त्यामागची पंधरा-सोळा वर्षे विसरता कामा नयेत. तेवढा काळ ते दुःख आत मुरत होते. मधल्या काळात वसतिगृहातल्या मुलांना आईच्या गोष्टी सांगून झाल्या होत्या. लिहिण्यापूर्वी ते बोलले गेले होते, ऐकले गेले होते. वाल्मीकींच्या शोकाचा श्लोक झाला असे आपली परंपरा मानते. गुरुजींच्या शोकाच्या गोष्टी झाल्या, आणि त्या गोष्टींनी महाराष्ट्रातल्या तीन-चार पिढ्यांना आपापल्या आईकडे पुन्हा बघायला लावले. १९५३ मध्ये आचार्य अत्रे यांनी त्यावर चित्रपट काढला. त्याला पहिल्याच राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. ते पाहायला गुरुजी मात्र नव्हते.

गुरुजींवर टीकाही पुष्कळ झाली. फार रडके लिहितात, मुलांना हळवे करतात, असे म्हणणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. आमच्या चर्चेतली ती आई त्यांपैकीच एक, आणि तिचे म्हणणे आम्ही उडवून लावत नाही. नुसते रडून डोळे पुसून उठणे ही एक प्रकारची चैनही होऊ शकते. चित्रपट पाहून आईसाठी रडायचे आणि घरी येऊन गावाकडे फोनसुद्धा करायचा नाही, असेही होते. गुरुजींच्या बाबतीत तो आरोप टिकतो का, हे पाहायला त्यांच्या पुढच्या वर्षांकडे वळावे लागते.

पंढरपूरचे दार

तुरुंगातून सुटल्यावर गुरुजी खानदेशातल्या शेतकऱ्यांत आणि गिरणी कामगारांत काम करू लागले. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले, ते खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन. त्याच्या तयारीसाठी ते गावोगाव फिरले. १९३८ मध्ये अमळनेरहून ‘काँग्रेस’ नावाचे साप्ताहिक काढले. पीक बुडाले तरी सारा मागणाऱ्या सरकारवर ते त्यात तुटून पडत. हळवा म्हणून ओळखला जाणारा हा माणूस व्यासपीठावर उभा राहिला की संतापाने पेटे. मुलांच्या उशाशी बसणारा आणि सभेत कडाडणारा, दोघे एकच. ज्याच्यावर माया आहे त्याच्यावर अन्याय झाला की राग येतो. माया आटली म्हणजे रागही येत नाही, मग येतो तो फक्त कंटाळा. १९४२ च्या आंदोलनात ते भूमिगत होते आणि पुढे पुन्हा तुरुंगात गेले.

त्यांच्या आयुष्यातले सर्वांत मोठे काम मात्र लाजेतून झाले. पंढरपूरच्या विठ्ठलाचे मंदिर अस्पृश्य मानलेल्या लोकांना बंद होते. ज्या संत चोखामेळ्याचे अभंग सारी वारी गाते त्याची समाधी मंदिराच्या महाद्वाराशी, दाराबाहेर. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली १९३० पासून नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह झाला. वर्षानुवर्षे लढूनही दार उघडले नाही आणि १९३५ मध्ये येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून न मरण्याचा निर्धार जाहीर केला. दाराबाहेरच्यांचा तो संताप होता आणि तो रास्त होता. गुरुजी जन्माने दाराच्या आतल्यांपैकी होते. त्यांच्या वाट्याला आली ती शरम. स्वातंत्र्य दारात आले आणि आपल्या देवाच्या दारातून आपलीच माणसे परत पाठवली जातात, हे त्यांना सहन होईना.

शरम दोन प्रकारे वागते. एक तोंड लपवते आणि विषय टाळते. दुसरी उठून चालू लागते. गुरुजींनी १९४७ च्या सुरुवातीचे कित्येक महिने महाराष्ट्रभर दौरा केला, गावोगाव सभा घेतल्या. राष्ट्र सेवा दलाची तरुण मुले बरोबर होती. या काळात गावोगावची अनेक मंदिरे आणि पाणवठे खुले झाले. मग १ मे १९४७ रोजी पंढरपूरच्या तनपुरे महाराजांच्या मठात त्यांनी उपोषण सुरू केले. विरोध कडाडून झाला. खुद्द गांधीजींनी उपोषण थांबवण्याची तार केली. त्यांच्यापर्यंत नीट माहिती पोहोचली नव्हती. ज्यांना गुरू मानले त्यांचीच तार, तीही उपोषण चालू असताना. गुरुजींना काय वाटले असेल याची कल्पनाच करावी. त्यांनी उपोषण सोडले नाही. दादासाहेब मावळंकर यांनी मध्यस्थी केली, मंदिर खुले करण्यास संमती मिळाली आणि १० मे रोजी उपोषण सुटले. ज्या देवाचे नाव त्यांना मिळाले होते त्या पांडुरंगाचे दार त्यांच्या दहा दिवसांच्या उपवासाने मोकळे होण्याच्या वाटेला लागले.

रडक्या माणसाचे अश्रू काय कामाचे, या प्रश्नाचे हे उत्तर आहे. अश्रू आणि काम यांत त्यांनी अंतर पडू दिले नाही.

शेवटची वर्षे

इथे हा लेख संपवता आला असता. नकोशा भावना उपयोगी असतात, हे सिद्ध झाले असे म्हणून. पण तसे केले तर ते खोटे ठरेल.

३० जानेवारी १९४८ ला गांधीजींची हत्या झाली. मारेकरी मराठी होता. गुरुजींना हे आपले, आपल्या समाजाचे पाप वाटले. त्यांनी २१ दिवसांचे उपोषण केले. १५ ऑगस्ट १९४८ ला त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले, ते आजही चालू आहे. आंतरभारतीसाठी ते निधी मागत हिंडत होते. पुतणीला लिहिलेली पत्रे ते साधनेत छापत. फुले, पाऊस, पक्षी, दूरदूरचे देश यांनी भरलेली ती पत्रे पुढे ‘सुंदर पत्रे’ म्हणून प्रसिद्ध झाली. ती वाचताना लिहिणाऱ्याच्या मनात अंधार असेल अशी शंकासुद्धा येत नाही.

११ जून १९५० रोजी वयाच्या पन्नासाव्या वर्षी गुरुजींनी आपले जीवन स्वतःच संपवले.

पूर्वी आपल्याकडे मुलांना हे सांगत नसत. आम्हालाही शाळेत सांगितले गेले नाही. का केले असेल, यावर अनेकांनी तर्क केले. स्वतंत्र देशाने केलेला अपेक्षाभंग, पैशांची ओढाताण, कामाचा शीण. आम्ही त्यात आणखी तर्काची भर घालणार नाही. एवढे मात्र स्पष्ट आहे, की उदासी त्यांची तरुणपणापासूनची सोबतीण होती. आणि जे इतके दिवस कामात, गोष्टीत, उपोषणात वळत होते, ते त्या वेळी कुठेच वळले नाही. त्यांच्यावर जीव टाकणारी माणसे महाराष्ट्रभर होती. पण दुसऱ्यांचे अश्रू पुसण्याची सवय झालेल्या माणसाला आपले अश्रू दुसऱ्यापुढे ठेवणे अवघड जाते. रथावर कृष्ण असूनही अर्जुन बोललाच नाही, तर काय होईल?

म्हणून या लेखापुरते आमचे उत्तर दोन भागांत आहे.

पहिला भाग असा, की दुःख, लाज, राग, भीती या भावना निरर्थक नाहीत. दुःख सांगते की आपले कशावर प्रेम होते. लाज सांगते की आपण आपल्याच मापात उतरलो नाही. राग सांगतो की कुठेतरी अन्याय आहे, भीती सांगते की काहीतरी जपण्यासारखे आहे. हे निरोप आहेत. निरोप्याला दारातच धक्के मारून हाकलले तर निरोप कळत नाही. गुरुजींनी ते निरोप ऐकले म्हणून मुलांना वसतिगृहात आई मिळाली, मराठीला एक पुस्तक मिळाले आणि पंढरपूरचे दार हलले.

दुसरा भाग असा, की निराशा या रांगेत बसत नाही. जी उदासी आठवडेच्या आठवडे हटत नाही, झोप आणि भूक नेते, जगण्यातच अर्थ नाही असे बोलू लागते, तो निरोप नसतो. तो आजार असू शकतो, आणि ताप जसा सोसून दाखवायचा नसतो तसाच तोही नसतो. तिथे उपयोग शोधत बसू नये, उपचार शोधावा. गुरुजींच्या काळी अशा माणसाने जावे कुठे, हा प्रश्नच होता. आज निदान एक दूरध्वनी तरी आहे. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि अनेक भारतीय भाषांत मिळते. हा क्रमांक मोबाइलमध्ये साठवून ठेवावा, स्वतःसाठी नसला तरी पाळीवरच्या शेजाऱ्यासाठी.

आपल्या घरांसाठी

चित्रपटाचा निर्णय शेवटी असा झाला, की तो मुलांना दाखवायचा, पण आईवडिलांनी सोबत बसायचे. मुलांना हॉलमध्ये सोडून बाहेर चहाला जायचे नाही. चित्रपट संपल्यावर लगेच दिवे लावून जेवणाची घाई करायची नाही. अर्धा तास तसेच बसायचे. मुलाने विचारले तर सांगायचे, की हो, मलाही रडू आले, आणि का आले तेही सांगायचे. आजीची आठवण आली असेल तर तसे सांगायचे. मोठ्या मुलांनी गुरुजींच्या शेवटाबद्दल विचारले तर टाळायचे नाही. ते फार उदास होते, तू मात्र उदास वाटले की मला सांगत जा, एवढे साधे उत्तर पुरते.

हरकत घेणाऱ्या त्या आईलाही हे पटले. तिची एकच अट आहे : चित्रपट रविवारी ठेवा, म्हणजे तिच्या यजमानांची साप्ताहिक सुट्टी असेल आणि त्यांनाही मुलांशेजारी बसता येईल. त्यांची आई दोन वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून ते त्याबद्दल घरात एक शब्द बोललेले नाहीत.

अट मान्य झाली आहे. रविवार ठरला की मंडळाच्या सूचनाफलकावर कळवू. सहकुटुंब यावे.